उषेची रोमन बहीण आणि उत्तरेचा वारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सूर्यावर मोठा स्फोट होतो, भारित कणांचा लोट पृथ्वीकडे निघतो, नॉर्वे-आइसलँडपासून कधी कधी थेट लडाखपर्यंत आकाश रंगते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांत एक चौकट हमखास येते : 'ऑरोरा बोरिआलिस म्हणजे काय?' या चौकटीतला विज्ञानाचा भाग अलीकडे बऱ्यापैकी नेटका असतो. घोळ होतो तो शेवटच्या दोन-तीन ओळींत, नावाच्या उगमापाशी. 'ऑरोरा ही ग्रीकांची उत्तरेची देवता', 'प्राचीन रोमन लोक या प्रकाशाला ऑरोरा देवीचे नृत्य मानत', 'ऑरोरा म्हणजे आपला अरुणच', 'व्हायकिंगांना त्यात वीरकन्यांच्या चिलखतांची चमक दिसे'. ही चारही विधाने चुकीची आहेत, आणि प्रत्येक चुकीचे कारण वेगळे आहे. नावाची खरी हकिकत यांपेक्षा रंजक आहे आणि मराठी वाचकाला ती अधिक जवळचीही वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

'ऑरोरा' हे लॅटिन नाव, रोमन पहाटदेवीचे. तिचे ग्रीक रूप 'एऑस'. म्हणजे 'ग्रीक देवता ऑरोरा' हे लिहिणे म्हणजे 'ग्रीक देव ज्युपिटर' लिहिण्यासारखे झाले. 'बोरिआलिस' हे विशेषण मात्र ग्रीक 'बोरेआस' या शब्दावरून लॅटिनमध्ये बनले. बोरेआस हा उत्तरेचा वारा आणि त्या वाऱ्याचा देव. रोमन लोकांचा स्वतःचा उत्तर वारा होता 'आक्विलो'. उत्तर दिशेसाठी त्यांच्याकडे 'सेप्टेंट्रिओ', म्हणजे सात बैल, असाही शब्द होता. ते सात बैल म्हणजे आपले सप्तर्षी. हे सगळे हाताशी असताना नावात आला तो ग्रीक वारा. तेव्हा 'ऑरोरा बोरिआलिस' हा जोडशब्द मुळातच दोन घरचा आहे. अर्थ मात्र सरळ : उत्तरेकडची पहाट.

आता या दोन देवतांचे नाते पाहा. इ. स. पू. सुमारे ७०० च्या सुमारास हेसिअड या ग्रीक कवीने देवांची वंशावळ रचली. तीत एऑस ही हायपेरिऑन आणि थेइया यांची मुलगी, सूर्य हेलिओस आणि चंद्रदेवी सेलेने यांची बहीण. अस्त्राइऑस या ताऱ्यांशी संबंधित देवापासून तिला वारे झाले : पश्चिमेचा झेफिरॉस, दक्षिणेचा नोटॉस आणि उत्तरेचा बोरेआस. म्हणजे 'ऑरोरा बोरिआलिस' या नावात आई आणि मुलगा शेजारी बसलेले आहेत! नाव देणाऱ्याने हे ठरवून केले, असे मानायला काही आधार नाही. त्याला दिशा सांगायची होती इतकेच. पण चौकटीत पुराणकथा द्यायचीच असेल तर ही द्यावी, कारण ही खरी आहे.

बोरेआसच्या स्वतःच्या कथाही कमी नाहीत. अथेन्सचा राजा एरेख्थेउस याची मुलगी ओरेइथिया हिला त्याने इलिसॉस नदीच्या काठावरून पळवून नेले. त्यामुळे अथेन्सवाले त्याला जावई मानत. इ. स. पू. ४८० मध्ये पर्शियाच्या आरमाराची वादळात धूळधाण झाली, तेव्हा जावई मदतीला धावला असे अथेन्सवाले म्हणत, आणि त्यांनी इलिसॉसकाठी त्याचे देऊळ बांधले, असे हिरोडोटसने नोंदवले आहे. अथेन्समधल्या 'वाऱ्यांच्या मनोऱ्या'वर तो आजही दिसतो : दाढीवाला, जाड अंगरखा घातलेला, हातात शंख. मात्र आकाशातल्या रंगीत प्रकाशाशी त्याचा संबंध जोडणारी एकही जुनी ग्रीक कथा नाही. एऑसचाही नाही. तिच्या कथा पहाटेच्याच आहेत. टिथोनॉस या मर्त्य प्रियकरासाठी तिने अमरत्व मागितले, पण चिरतारुण्य मागायला विसरली. तो म्हातारा होत होत अखेर रातकिड्यासारखा एक किडा झाला. मुलगा मेम्नॉन ट्रॉयच्या युद्धात अकिलीसच्या हातून मेला. तिचे अश्रू म्हणजे दव, असे रोमन कवी ओव्हिड सांगतो.

मग प्राचीन ग्रीक-रोमनांना हा प्रकाश ठाऊकच नव्हता का? होता, पण क्वचित दिसणारा, आणि त्याला त्यांनी दिलेली नावे अगदी रोखठोक होती. ॲरिस्टॉटलने त्याला 'खास्माता' म्हटले, म्हणजे आभाळात पडलेल्या भेगा. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आकारावरून प्रकार पाडले : पिंपासारखे, विहिरीसारख्या खड्ड्याचे, भेगेसारखे. सम्राट टायबेरियसच्या काळात रोमजवळच्या ओस्टिया बंदराला आग लागली असे वाटून सैन्याच्या तुकड्या मदतीला धावल्या, प्रत्यक्षात तो आभाळातला धुरकट लाल उजेड होता, ही नोंदही त्याचीच. प्लिनीने रात्री दिवसासारखा उजेड पडल्याच्या घटना दिल्या आहेत आणि बरेच लोक त्यांना 'रात्रीचे सूर्य' म्हणतात, असे लिहिले आहे. भेग, पिंप, विहीर, आग, सूर्य. या यादीत ऑरोरा कुठेच नाही. त्यांच्या लेखी ऑरोरा रोज पूर्वेला उगवणारी. शिवाय रोममध्ये पहाटेची म्हणून देऊळ आणि सण असलेली देवी 'माटेर मातूता' ही होती. ऑरोरा मुख्यतः कवितेत राहिली.

नाव पडले ते सतराव्या शतकात. बहुतेक ठिकाणी श्रेय पिएर गासेंडी या फ्रेंच धर्मगुरू-खगोलज्ञाला दिले जाते. १२ सप्टेंबर १६२१ च्या रात्री दक्षिण फ्रान्समध्ये, एक्स शहराजवळ, त्याने हा प्रकाश पाहिला आणि पुढे त्याचे वर्णन करताना 'ऑरोरा बोरिआलिस' हे शब्द वापरले. पण त्याच्या दोन वर्षे आधी, १६१९ मध्ये, धूमकेतूंवरचे एक व्याख्यान फ्लॉरेन्समध्ये छापले गेले होते. त्यावर नाव होते मारिओ ग्विदुच्ची याचे. मजकूर बराचसा त्याचे गुरू गॅलिलिओ यांचा. त्यात 'बोरेआले आउरोरा' हा प्रयोग आलेला आहे. पुस्तकावर नाव शिष्याचे, म्हणून शोधणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटले, आणि गासेंडीचे वर्णन रात्र-तारखेसह सविस्तर, म्हणून श्रेय तिकडे गेले. छापील वापराची तारीख हाच निकष धरला, तर गॅलिलिओचे नाव आधी यायला हवे. चौकटीत लिहिताना 'हे नाव १६१९ मध्ये गॅलिलिओच्या लेखनात येते. गासेंडीने ते रूढ केले' इतके पुरे.

आता मुद्द्याचा प्रश्न : 'पहाट'च का? नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो गावात डोक्यावर हिरवे पडदे हलताना पाहिलेल्या माणसाला पहाट आठवणारच नाही. पण फ्लॉरेन्स आणि एक्स ही दोन्ही ठिकाणे ४३ ते ४४ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतात. तिथून हा प्रकाश दिसतो तो उत्तर क्षितिजाला चिकटून, तांबूस, पसरट. गावाकडे म्हणतात तसे 'तांबडं फुटल्या'सारखा, फक्त चुकीच्या दिशेला आणि चुकीच्या वेळी. सहाव्या शतकात फ्रान्समधल्या तूरचा बिशप ग्रेगरी यानेही उत्तरेकडच्या अशाच उजेडाचे वर्णन करताना पहाट होते आहे असे वाटावे, असे म्हटले होते. गॅलिलिओ तर एक पाऊल पुढे गेला. त्याच्या मते पृथ्वीवरची बाष्पयुक्त हवा कधी कधी फार उंच चढते, पृथ्वीच्या सावलीबाहेर पडते, तिच्यावर सूर्यकिरण पडतात आणि ते परतून आपल्याकडे येतात. म्हणजे त्याच्या लेखी ही खरोखरच एक प्रकारची पहाट होती; उपमा नव्हती. स्पष्टीकरण चुकले, नाव टिकले. विज्ञानात असे पुष्कळदा होते.

लाली का दिसते, हे आकड्यांत सांगण्यासारखे आहे, कारण नावाचे रहस्य तिथेच आहे. ऑक्सिजनच्या अणूंचा हिरवा प्रकाश (५५७.७ नॅनोमीटर) साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर निर्माण होतो, त्याच अणूंचा लाल प्रकाश (६३०.० नॅनोमीटर) २०० किलोमीटरच्या वर. उत्तेजित अणूला हिरवा प्रकाश सोडायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, लाल सोडायला जवळजवळ दोन मिनिटे. खालच्या दाट हवेत दोन मिनिटांच्या आत त्या अणूला दुसरा कोणीतरी धडकतो आणि ऊर्जा काढून घेतो, म्हणून लाल रंग फक्त विरळ हवेत, उंचावर टिकतो. आता पृथ्वीचा गोलावा जमेस धरा. १०० किलोमीटर उंचीवरची वस्तू जमिनीवरून फार तर १,१०० किलोमीटर अंतरावरून क्षितिजावर दिसू शकते. ४०० किलोमीटर उंचीवरची मात्र सुमारे २,२०० किलोमीटरवरून. लांबच्या दक्षिणेकडल्या माणसासाठी हिरवा भाग क्षितिजाखाली बुडालेला असतो आणि वरची लाल झालर तेवढी उरते. गॅलिलिओ ट्रॉम्सोत जन्मला असता तर हे नाव पडलेच नसते.

यावरूनच छायाचित्रांच्या ओळींमधली आणखी एक चूक लक्षात येते. 'उत्तर ध्रुवावर दिसणारा प्रकाश' असे सर्रास छापले जाते. हा प्रकाश सर्वाधिक दिसतो तो चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात, साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशांवर. ऐन ध्रुवावर तो त्यापेक्षा कमी असतो. वादळ मोठे असले की हे कडे फुगते आणि दक्षिणेकडे सरकते.

आता 'अरुण'. ऑरोरा आणि अरुण यांचे उच्चार जवळचे, अर्थ जवळचे. म्हणून हा संबंध जोडण्याचा मोह सुशिक्षितांनाही होतो. पण हा बादरायण संबंध आहे. ऑरोराची खरी सख्खी बहीण आहे आपली उषा, आणि तिच्यापर्यंत पोचायला शाळेतली विसर्गसंधी पुरते.

संस्कृतातला मूळ शब्द 'उषस्', शेवटी 'स्' असलेला. तो 'स्' मराठीत आजही जिवंत आहे : 'उषःकाल' लिहिताना मध्ये जो विसर्ग देतो, तो त्याचाच. (म्हणूनच 'उषाकाल' हे लेखन खटकते.) आता लॅटिनकडे या. लॅटिनमध्ये इ. स. पू. चौथ्या शतकापर्यंत एक नियमित बदल घडून आला : दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'स्'चा 'र्' झाला. 'फ्लोस' म्हणजे फूल, पण 'फुलाचे' म्हणजे 'फ्लोरिस'. इंग्रजीतला 'फ्लोरल' तिथूनच आला. रोममधले 'पापिसियस' घराणे याच बदलात 'पापिरियस' झाले, असे सिसेरो सांगतो. त्याच नियमाने जुन्या 'आउसोसा'सारख्या रूपाचे 'आउरोरा' झाले. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. 'आयुस्' आणि 'वेद' मिळून आयुर्वेद, 'धनुस्' आणि 'विद्या' मिळून धनुर्विद्या, 'निस्' आणि 'उपाय' मिळून निरुपाय. लॅटिनचा नियम तंतोतंत हाच नव्हे, पण 'स्'चा 'र्' होतो म्हणजे काय, हे मराठी कानाला समजावून सांगावे लागत नाही. ग्रीकमध्ये तर दोन स्वरांमधला 'स्' गळूनच गेला आणि 'एऑस' उरले. लिथुआनियन भाषेत तो 'श' होऊन टिकला : तिथे पहाट म्हणजे 'आउश्रा'.

म्हणजे ऑरोरातला 'र' हा मुळात 'स' आहे. अरुणमधला 'र' पहिल्यापासून 'र'च आहे. दिसण्यात साम्य, कुळ वेगळे. अरुण म्हणजे तांबूस. वैदिक परंपरेत उषेच्या रथाला जुंपलेल्या गायी 'अरुण' वर्णाच्या सांगितल्या आहेत. तेव्हा अरुण उषेच्या आसपास वावरतो खरा, पण ऑरोराच्या नावाशी त्याचे नाते नाही. एखादी व्युत्पत्ती तपासायची साधी रीत अशी : आजची रूपे शेजारी ठेवून आवाज जुळतो का, ते पाहू नये, प्रत्येक भाषेतले सर्वांत जुने रूप घ्यावे आणि तोच ध्वनिबदल त्या भाषेतल्या आणखी तीन-चार शब्दांत झाला आहे का, ते पाहावे. झाला नसेल तर तो योगायोग समजावा.

याच धातूची आणखी दोन पोरे जाता जाता. पूर्वेसाठीचा इंग्रजी 'ईस्ट' हा शब्द, आणि ऑस्ट्रियाचे मूळ जर्मन नाव, ज्याचा अर्थ 'पूर्वेकडचे राज्य'. लॅटिनमध्ये दक्षिण वाऱ्याचे नाव होते 'ऑस्टर'; तेही याच मुळाचे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पहाटेचा शब्द कुठेतरी वाट चुकून दक्षिणेला गेला आणि त्यावरून ऑस्ट्रेलिया झाला. कॅप्टन जेम्स कुकने फेब्रुवारी १७७३ मध्ये दक्षिण महासागरात असाच प्रकाश पाहून त्याला 'ऑरोरा ऑस्ट्रॅलिस' म्हटले, तेव्हा नकळत एकाच मुळाचे दोन शब्द त्याने शेजारी बसवले. आणि ऑस्टर म्हणजे ग्रीकांचा नोटॉस, तोही एऑसचाच मुलगा. दक्षिणेतही आई-मुलगा एकत्रच.

ऋग्वेदात उषेला उद्देशून सुमारे वीस सूक्ते आहेत. होमरची एऑस 'गुलाबी बोटांची' आणि केशरी वस्त्राची. ऋग्वेदाची उषा 'एषा दिवो दुहिता प्रत्यदर्शि व्युच्छन्ती युवतिः शुक्रवासाः', म्हणजे आकाशाची मुलगी, उजळत येणारी, शुभ्रतेजस्वी वस्त्रांची तरुणी. दोघींनाही रथ आहे. दोघीही रोज नव्याने तरुण, आणि त्यांच्या येण्याजाण्यात माणसे मात्र म्हातारी होतात. टिथोनॉसची कथा याच कल्पनेचे ग्रीक रूप म्हणावे इतकी जवळची आहे.

इथे महाराष्ट्राशी जोडलेली एक गल्लत दुरुस्त करणे भाग आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वेदांमधल्या उषेच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवप्रदेशात असल्याचा सिद्धान्त मांडला. 'टिळकांनी वेदांतली उषा म्हणजे ऑरोरा बोरिआलिस असे सिद्ध केले', हे वाक्य समाजमाध्यमांवर फिरते आणि कधी कधी छापूनही येते. टिळकांचा युक्तिवाद तसा नाही. त्यांचा भर होता ध्रुवप्रदेशातल्या खऱ्या पहाटेवर. ध्रुवाजवळ सहा महिन्यांच्या रात्रीनंतर सूर्य वर येण्याआधी संधिप्रकाश कित्येक आठवडे क्षितिजावर फिरत राहतो. 'तानीदहानि बहुलान्यासन् या प्राचीनमुदिता सूर्यस्य' या ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या ऋचेचा अर्थ त्यांनी सूर्योदयापूर्वी पुष्कळ दिवस गेले, असा लावला. तैत्तिरीय संहितेतल्या तीस उषांचा उल्लेखही त्यांनी याच बाजूने वापरला. हा संधिप्रकाश सूर्याचाच, वातावरणात विखुरलेला. ध्रुवीय प्रकाश म्हणजे भारित कणांमुळे उजळणारी उंचावरची विरळ हवा. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. टिळकांचा मूळ निष्कर्ष आजचे भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व स्वीकारत नाहीत. पण न पटणारा सिद्धान्तसुद्धा मांडला तसाच सांगावा, इतका मान त्या ग्रंथाला द्यायला हवा. गंमत अशी की गॅलिलिओनेही हीच गल्लत केली होती, उलट बाजूने : त्याने ध्रुवीय प्रकाशालाच सूर्याचा संधिप्रकाश मानले.

व्हायकिंगांच्या वीरकन्यांविषयी. व्हॅल्किरी रणांगणावर घोड्यावरून जातात आणि त्यांच्या ढाली-चिलखतांची चमक उत्तरेच्या आकाशात दिसते, ही कल्पना पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून आपल्याकडे आली आहे. जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या, काव्यांत हा संबंध स्पष्ट शब्दांत कुठेही सापडत नाही. तो लोकप्रिय झाला टॉमस बुलफिंच या अमेरिकन लेखकाच्या १८५५ च्या पुराणकथासंग्रहामुळे. देवांच्या नगरीकडे जाणारा 'बिफ्रॉस्ट' पूल म्हणजे हाच प्रकाश, असेही लिहिले जाते. तेराव्या शतकात नॉर्स कथा लिहून ठेवणारा स्नोरी स्टुर्लुसोन त्याला चक्क इंद्रधनुष्य म्हणतो. उलट त्याच शतकातल्या, सुमारे १२५० च्या, एका नॉर्वेजियन ग्रंथात 'नोर्द्रल्योस', म्हणजे उत्तरेचे दिवे, हा साधा शब्द आहे आणि त्याची तीन स्पष्टीकरणे आहेत : पृथ्वीभोवतीच्या समुद्रापलीकडची आग, क्षितिजाखालच्या सूर्याचे किरण, किंवा ग्रीनलँडच्या हिमनद्यांनी साठवलेला उजेड. तिन्ही भौतिक, एकातही देव नाही. ज्यांना हा प्रकाश नेहमीचा, ते त्याबद्दल फार हिशेबी बोलतात, असे दिसते.

खरी लोककथा हवी असेल तर ती स्थानिक नावांतच आहे. फिनिश भाषेत याला 'रेवोन्तुलेत' म्हणतात, कोल्ह्याची आग : कोल्हा डोंगरावरून पळताना शेपटीने बर्फ उडवतो आणि ठिणग्या आभाळात जातात. ग्रीनलँडच्या इन्युइटांचे 'अर्सार्नेरित' म्हणजे चेंडू खेळणारे. मृतांचे आत्मे वॉलरसच्या कवटीने खेळत असतात. आणि उत्तरेच्या सामी लोकांचे 'गुओव्सहस' हे नाव त्यांच्या पहाटेच्या उजेडाच्या शब्दाशी जोडले जाते. गॅलिलिओशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनाही पहाट आठवली, हे विशेष.

मराठीत काय लिहावे? 'ध्रुवीय प्रकाश' हा शब्द चांगला आहे. तो दोन्ही गोलार्धांना चालतो आणि खोटे काही सांगत नाही. हिंदीतून आलेले 'सुमेरुज्योती' आणि 'कुमेरुज्योती' ऐकायला भारदस्त, पण त्यांच्या पाठीशी स्वतंत्र पुराणभूगोल आहे : सूर्यसिद्धान्तात मेरू पर्वत पृथ्वीच्या आरपार, वरच्या टोकाला देव, खालच्या टोकाला असुर, आणि दोघांचाही दिवस आपल्या सहा महिन्यांचा. तो शब्द वापरायचा तर ही कथा सांगावी, रोमन ऑरोरा त्यात मिसळू नये. 'ऑरोरा'चा शब्दशः अनुवाद करायचाच तर 'उत्तर-उषा' होईल. काव्यात शोभेल, बातमीत नको.

बातमीबरोबरच्या छायाचित्राखाली पुराणकथेपेक्षा चार गोष्टी अधिक उपयोगी पडतील : ठिकाण, कॅमेऱ्याची दिशा, भारतीय वेळ (परदेशी संस्थांच्या जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवून) आणि कॅमेऱ्याचा झडप-काळ. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग जवळजवळ दिसत नाही. दहा-पंधरा सेकंद उघड्या राहिलेल्या कॅमेऱ्यात जे गडद लाल येते, ते तिथे उभ्या असलेल्या माणसाला फार तर फिकट राखाडी झाक वाटते. हे न सांगितल्यामुळे लोक लडाखला जातात आणि निराश होऊन परततात. १०-११ मे २०२४ च्या रात्री हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली लाली याच जातीची. शिवाय इतक्या दक्षिणेला दिसणारी लाली काही वेळा 'स्थिर लाल कमान' असते. तिचाही रंग ६३० नॅनोमीटरचाच, पण ती वरून आदळणाऱ्या कणांमुळे थेट उजळत नाही. पृथ्वीभोवतीच्या कणांच्या कड्यातली उष्णता खाली झिरपल्याने उजळते. शास्त्रज्ञांचे निवेदन नीट वाचून दोहोंपैकी काय ते लिहावे.

आणि हे मुंबईकरांना मुद्दाम सांगावेसे वाटते. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या संध्याकाळपासून सोमवारच्या पहाटेपर्यंत मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त ६ फेब्रुवारीच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त आहे. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर त्याचा परिणाम झाल्याची नोंदही आहे. ही जगातल्या सर्वांत दक्षिणेकडच्या नोंदींपैकी एक म्हणून आजही शोधनिबंधांत चर्चिली जाते. त्या वादळाची चुंबकीय मोजमापे कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. त्याआधी सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध सौरवादळात याच वेधशाळेने चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी १९०४ पासून अलिबागला हलवल्या गेल्या. पुढच्या वेळी चौकट छापताना नॉर्वेच्या पर्यटन माहितीपत्रकाऐवजी अलिबागला दूरध्वनी केला, तर मजकूर मुंबईचाच मिळेल.

आपले,
खगोल आणि भाषा या विषयांचे काही अभ्यासक वाचक

ता. क. : 'अरोरा' असे छापू नये ही विनंती. लॅटिन उच्चार 'आउरोरा', इंग्रजी 'ऑरोरा'. 'अरोरा' हे पंजाबी आडनाव आहे.